ट्रेलरला नाव नाही

बोटीला नाव आहे. ओफेलिन.
स्विंडनला जाण्याआधी कायतानने ती आम्हाला विकली,
नाव पुसू नका एवढीच अट. त्याच्या मावशीचं.
शेवटचा न थोडा खाली घसरलाय,
रंगवताना भरती आली असणार.

ट्रेलरला नाव नाही.
शिवोलीच्या तिठ्यावरून, चर्चमागच्या उतारावरून
तो तिला नदीपर्यंत नेतो,
कमरेइतक्या खाऱ्या पाण्यात शिरतो,
ती सुटून जाते, आणि तो
आंब्याखाली उभा राहतो, चाकांतून पाणी गाळत.
त्याचे फोटो कोणी काढत नाही.

मेच्या शेवटच्या रविवारी, पाहुण्यांना घेऊन परतताना
डावं चाक ओरडलं.
डुक्कर ओरडतं तसं. बेकरीच्या पायऱ्यांवरची पोरं हसली.
विश्राम म्हणाला, काही नाही, ब्रेक असेल.
ट्रेलरला ब्रेकच नाहीत, हे मी
तेव्हा बोलले नाही.

पावसाळाभर तो ताडपत्रीखाली.
विश्रामची कंबरही त्याच सुमारास गेली,
म्हणून सप्टेंबरात जॅक मी लावला
आणि सूचना खुर्चीवरून आल्या.
मेस्त रुझारने हबची टोपी काढली.
आत ग्रीस नव्हतं, ताक होतं,
गंजाने तांबूस, आणि बेअरिंगचे रोलर
किडक्या दातांसारखे.
मेस्तने बोटावर घेऊन वास घेतला.
"घरच्यान थेट उदकांत घालतात न्हू?"

मग समजावलं, पाना हवेत फिरवत:
चाक धावून तापतं. तापलेलं तसंच बुडवलं
की आतली हवा आकसते
आणि सीलच्या कडेने नदी ओढून घेते.
नदीचा दोष नाही.
उतरणीवर पोचलात की थांबा. एक चहा घ्या.
हाताला हब गार लागला, की मग पाण्यात.

मी विश्रामकडे पाहिलं नाही.
लग्नाला एकवीस वर्षं, आणि हा माणूस
चहा निवायची वाट बघत नाही,
रोज जीभ भाजून घेतो.
नाव ठेवणाऱ्यांना काय माहीत.

इंजिन त्यामानाने सरळ. पंपातला रबरी इंपेलर
एका बाजूला मान टाकून कडक झालेला,
नवा साबणाच्या पाण्याने बसवला.
मग मेस्त खाली वाकला, पंख्यापाशी,
आणि हसायला लागला.
हसता हसता जमिनीवरच बसला.
जस्ताची वडी, जी मिठाने खावी म्हणूनच लावतात,
ती निळी. गुळगुळीत. एक ओरखडा नाही.
पंख्याची पाती मात्र कुरतडलेली,
उंदराने भाकरी खावी तशी.
"रंग कोणें लायलो?"
खुर्ची कुरकुरली.
"बरी दिसत नव्हती," विश्राम म्हणाला.

दुपारभर मी ऐंशी नंबरच्या कागदाने
निळा काढत बसले. खालून राखाडी आलं,
खडबडीत.
थोड्या वेळाने तो खुर्चीवरून उतरला, कंबर धरत,
कागदाचा दुसरा तुकडा फाडून घेतला.
कडेच्या फटीतला रंग त्याने काढला, नखानेसुद्धा.

रविवारी उतरणीवर गाडी थांबली.
थर्मासातला चहा. विश्रामने
हबवर तळहात ठेवला.
"अजून," म्हणाला, आणि पुन्हा बसला.
सुकती लागायला अर्धा तास होता.
पलीकडे कोणी जाळं झटकत होतं.
पुन्हा तळहात.
"अजून."

मग ओफेलिन गेली.
इंजिनच्या बाजूने बारीक धार पडायला लागली,
"मुतता, मुतता!" मेस्त काठावरून ओरडला,
नातवंडाचं कौतुक करावं तसा,
आणि मी गाडी पुढे घेऊन
रिकामा ट्रेलर वर ओढला.

मडगार्डच्या वरच्या कडेला, पाणी पोचत नाही तिथे,
खडूने, मेस्तच्या अक्षरात:
ग्रीस. चौदा सप्टेंबर.
त्याच्यावर आजवर लिहिलेलं
तेवढंच.